उजवीकडे झुकणारा काटा

१

देवळात काकडा सुरू व्हायच्या सुमाराला गुंडा उठायचा आणि तोंडात पाणी घ्यायच्या आधी पलंगाची फळी वर करून बॅटऱ्यांचं दर्शन घ्यायचा. लोक सकाळी तळहात बघतात, हा गडी शिशाच्या डब्यांची बुचं उघडतो, म्हणून जत्रेतले दुकानदार त्याची चेष्टा करायचे. करेनात का! लढाईत चार वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात काढलेला माणूस तो. बॅटरी रोज बघावी लागते हे त्याच्या हाडात मुरलं होतं.

गाडी मात्र खरंच बघण्यासारखी. कुणा गोऱ्या साहेबानं दौऱ्यावर राहायसाठी बांधून घेतलेली. आत स्प्रिंगचा पलंग, घडीचं टेबल, कपाट, हात धुवायचं पत्र्याचं भांडं. मागच्या कप्प्यात पेट्रोलवरचं इंजिन आणि त्याला जोडलेला डायनामो. पलंगाखाली बॅटऱ्यांची रांग. लढाई संपत आली तसा सरकारनं असला माल लिलावात फुंकायला काढला, त्यात मानसिंगनं ही उचलली. जत्राजत्रांतून फिरायचं आणि तमाशाच्या तंबूला, मिठाईच्या दुकानांना, कुस्तीच्या फडाला उजेड द्यायचा, असा धंदा. लोक तिला ‘उजेडाची मोटार’ म्हणत.

मानसिंग आणि गुंडा एकाच गल्लीतले, उंब्रजचे. एका ताटात जेवलेले, एकाच दिवशी भरती झालेले. मानसिंग लष्करातनं आधी सुटला, गुंडा मागनं. आला आणि काही महिने बेकारच होता. घरात म्हातारी आई साळूबाई आणि गरोदर बायको बनुबाई. मानसिंगनं त्याला हाताला धरून गाडीत बसवलं, नुसतं बसवलं नाही तर पलंगही दिला.

“तू मिस्त्री हायस. मशिनीजवळ मिस्त्रीनंच निजावं,” तो म्हणाला. “मला त्या गादीवर झोप येत न्हाई गड्या. जमीनच बरी.”

आणि खरंच, ऐन थंडीत हा गाडीचा मालक लांब झाडाखाली घोंगडं टाकून झोपायचा. गुंडाला लाज वाटायची, आणि खोटं कशाला सांगा, बरंही वाटायचं. सख्खा भाऊ असं करणार नाही.

२

म्हसवडच्या जत्रेत पहिल्यांदा गोष्ट खटकली.

रिवाज असा होता की दिवस मावळताना इंजिन चालू करायचं. त्यावर दिवेही जळायचे आणि बॅटऱ्याही भरायच्या. गर्दी पांगली की इंजिन बंद. मग उरलेसुरले दिवे पहाटेपर्यंत बॅटऱ्यांवर. म्हणजे सकाळी बॅटऱ्या उतरलेल्या असणार. हे काय, शाळेतलं पोरही सांगेल.

गुंडाकडे एक काचेची नळी होती. बॅटरीतलं पाणी तिच्यात ओढून घ्यायचं. आतलं बोंडूक वर तरंगलं तर बॅटरी भरलेली, बुडालं तर उतरलेली. त्या सकाळी त्यानं पाणी ओढलं आणि बोंडूक टुणकन वर आलं. दुसरी बघितली, तिसरी बघितली. सगळ्या तुडुंब.

“मानसिंग, रातीला इंजिन लावलंतंस का रं?”

मानसिंग झाडाखाली दात घासत होता. “न्हाई बा. का?”

“बॅटऱ्या भरल्यात.”

“मग बरंच हाय की!” मानसिंग थुंकला आणि हसला. “भरल्यात तर भरल्यात. पेट्रोल रेशनवर हाय, त्यात रडायचं काय?”

गुंडा हसला नाही. त्याची समजूत पक्की होती, आणि बरोबरही होती. शेजारच्या मिठाईवाल्या बिराप्पानं एकदा विचारलं होतं, तेव्हा त्यानं त्याला समजावलंही होतं, की इंजिन म्हणजे आड आणि बॅटरी म्हणजे रांजण. इंजिन वीज काढतं, बॅटरी नुसती साठवते. स्वतः काडीची वीज करत नाही. वर थोडी गळतीही असते, म्हणजे घालाल त्याहून कमीच निघतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून त्यानं नळी खराब झाली असं ठरवलं. म्हसवडात एक मोटारवाला होता, त्याची नळी मागून आणली. तीही तेच बोलली.

३

म्हसवडहून गाडी पुसेगावला आली. तिथं इंजिन तासभरसुद्धा चालायचं नाही. मानसिंगच नको म्हणायचा. “कशाला तापवतोस? भरल्यात नव्हं?” आणि भरलेल्या असायच्या. दिवे असे लख्ख जळत की तमाशातल्या बायका तोंडावर पदर घेत. जत्रेत मानसिंगचं नाव झालं. लोक म्हणत, असा उजेड साताऱ्यातसुद्धा नाही.

गुंडाला मात्र जेवण लागेना. बसला की बसावंसं वाटे, निजला की निजावंसं. इंजिनाची दोरी एका हिसक्यात ओढणारा गडी, आता तीनदा ओढून धापा टाकू लागला. सदऱ्याची बाही खांद्यावरनं उतरायला लागली. त्याला वाटलं, हिवताप असेल. लढाईत असताना धरला होता, तो पुन्हा उलटला असेल. त्यानं कुनैन खाल्लं. कान वाजायला लागले, बाकी काही नाही.

एकदा बिराप्पानं त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि हात सोडलाच नाही. मनगट चाचपून बघत राहिला.

“गड्या, ह्या मोटारीत लय दीस राहू नगंस.”

“का रं?”

“गेल्या साली नाथाजी बी असाच वाळला हुता. खोबऱ्याच्या वाटीगत.”

नाथाजी म्हणजे मानसिंगचा थोरला भाऊ. गुंडा परत यायच्या आधीच तो वारला होता. क्षयानं गेला, असं मानसिंगनं सांगितलं होतं आणि सांगताना ओक्साबोक्शी रडला होता. गुंडानंच त्याला पाणी पाजलं होतं.

“त्यो गाडीवर हुता?” गुंडानं विचारलं.

“व्हय की. मिस्त्री हुता तुज्यासारखा. त्या पलंगावर निजायचा.”

बिराप्पाचं गिऱ्हाईक आलं आणि तो जिलबी तोलायला वळला. गुंडा पेढा हातात घेऊन तसाच उभा राहिला. मानसिंगनं नाथाजीचं गाडीवर असणं कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण आता मेलेल्या भावाविषयी कुणाला बोलवतं, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली. दोस्तावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्या ताटात थुंकायचं.

४

त्याच जत्रेत मानसिंग उंब्रजला जाऊन आला आणि येताना बातमी घेऊन आला. बनुबाई बाळंत झाली. मुलगी.

गुंडा नाचायचाच बाकी राहिला. “मी आत्ताच्या आत्ता जातो!”

“जाशील की. पण फड उद्या हाय, आन् सबंध फडाला उजेडाचा शबुद मी दिलाय. आता गेलास तर माजं नाक कापलं जाईल.” मानसिंगनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. “पुढची जत्रा पालीची. पाल ते उंब्रज, असा हात लांब केला की घर. तितनं जा. घरची काळजी करू नगंस, मी समदं बघून आलोय. वैनी बरी हाय, पोरगी बरी हाय. आय खूश हाय.”

“कुणासारखी हाय रं?”

“तुज्यासारखीच. काळीसावळी, कपाळ मोठं.”

गुंडाचे डोळे भरून आले. त्याला एकच हवं होतं आता, धड अंगानं घरी जाऊन लेकीला उचलून घ्यायचं. त्याची पहिली दोन लेकरं जगली नव्हती. तिसरं आलं होतं, आणि बरं होतं. मानसिंगनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, मग आणखी काय हवं!

५

पालीला गाडी नदीकाठच्या मोकळ्या रानात लावली. जत्रा भरायची होती. भंडाऱ्याच्या दुकानांचे खांब रोवण्याचे आवाज येत होते, बैलांच्या घुंगरांचे आवाज येत होते. दुपार होती, ऊन चांगलं कडक. जेवून गुंडा पलंगावर आडवा झाला.

पायथ्याच्या भिंतीवर इंजिनाची पाटी होती. पाटीवर एक गोल घड्याळासारखं यंत्र. त्याचा काटा मधोमध असला की वीज ना येते ना जाते. डावीकडे झुकला की बॅटरी खाली होते आहे, उजवीकडे झुकला की भरते आहे. गुंडा त्याच्याकडे रोज बघायचा, पण उभ्यानं, काम करताना. निजल्या निजल्या भरदिवसा बघितलं ते आज पहिल्यांदा.

इंजिन थंडगार होतं. एक दिवा चालू नव्हता. काटा उजवीकडे झुकलेला होता.

तो उठून बसला, पाय जमिनीवर ठेवले, उभा राहिला. काटा हळूहळू मधोमध आला.

पुन्हा आडवा झाला. काटा हळूहळू उजवीकडे गेला. घाई नाही, धक्का नाही. अंगाला काहीच लागत नव्हतं, उलट डोळ्यांवर छान गुंगी येत होती. बॅटऱ्यांतून बारीक आवाज यायला लागला, भरताना पाण्यातून बुडबुडे येतात तसा. रोज झोपताना हा आवाज त्याच्या कानावर पडायचा. आजवर त्याला वाटायचं, जवळ कुठेतरी नदी वाहते आहे. पण म्हसवडात आणि पुसेगावात त्या बाजूला नदी नव्हती.

तो ताडकन उठला. मग शहाण्या माणसानं करावं ते त्यानं केलं. पलंगाची लोखंडी चौकट कुठं तारेला टेकली आहे का बघितलं. नव्हती. वजनानं एखादी तार दबत असेल म्हणून कांद्याचं अख्खं पोतं ओढत आणून पलंगावर टाकलं. काटा जागचा हलला नाही. पोतं काढलं आणि नुसता हात गादीवर टेकला. काटा केसभर हलला.

त्यानं हात मागं घेतला आणि धोतराला पुसला. मग बराच वेळ तो पुसतच राहिला.

६

मानसिंग चहाचं भांडं घेऊन आत आला. “घे. काय झालं रं? भूत बघितल्यागत बसलायस.”

“जरा पलंगावर पड.”

“काय?”

“पड म्हणतो. मला कायतरी बघायचंय.”

“मला न्हाई त्या गादीवर—”

“निजू नगंस. नुसता पड.”

मानसिंग हसला आणि चहा ओतायला वाकला. तेवढ्यात गुंडानं तालमीतला जुना डाव टाकला, पाय मागं घालून त्याला लोटला. अंगात बळ नव्हतं, पण मानसिंग बेसावध होता. तो पाठीवर पलंगावर पडला.

काय ओरडला तो! उकळतं पाणी अंगावर पडावं तसा. हातापायांनी गादी तुडवत, भिंतीला नख्या लावत तो खाली कोसळला आणि सरपटत दारापर्यंत गेला. गुंडाची नजर मात्र पाटीवर होती. काटा उजव्या टोकाला जाऊन आपटला होता. मानसिंग तर धष्टपुष्ट होता.

दोघंही धापा टाकत होते. चहा जमिनीवर पसरला होता.

“तुला म्हाईत हुतं,” गुंडा म्हणाला.

मानसिंगनं दाराची चौकट घट्ट धरली.

“नाथाजीचं बी म्हाईत हुतं?”

मानसिंग उठला, सदरा झटकला. “इंजिन बिघडलं हुतं तवा. सुटा भाग मिळंना. जत्रा तर ठरल्यावत्या. लोकास्नी उजेड पायजे हुता.” तो आपल्या नखांकडे बघत होता. “मला काय ठावं हुतं असं हुईल म्हणून? आन् कळलं तवा त्यो लय पुढं गेला हुता.”

“मग मला का रं बशिवलंस?” गुंडाचा आवाज फुटला. “एका ताटात जेवलो आपण. माज्या पोटातलं तुला ठावं हाय, तुज्या पोटातलं मला. तू थंडीत उघड्यावर निजतोस म्हणून माजा जीव तुटत हुता, म्हाईत हाय तुला?”

त्याला राग यायला हवा होता. राग आलाच नाही. रडू आलं, लहान पोराला यावं तसं. माणूस वैऱ्यानं मारला तर उठून उभा राहतो, दोस्तानं मारला की त्याला उठावंसंच वाटत नाही.

“मी घरी चाललो,” तो म्हणाला.

“जा की.”

गुंडानं वर बघितलं. त्यानं मनात मारामारीची तयारी केली होती. मानसिंग विनवणी करेल, नाक कापलं जाईल म्हणेल, रस्ता अडवेल.

“जा,” मानसिंग पुन्हा म्हणाला. अगदी नेहमीसारखं, शांतपणे. “लेकीला बघ. आयला भेट. मी कुठं अडवतोय?”

“आन् जत्रंचं? उजेडाचं?”

“हुईल कायतरी.”

मानसिंगनं खुंटीवरचा आपला लष्करातला जाड कोट काढला आणि गुंडाच्या खांद्यावर घातला. वरची गुंडीसुद्धा त्यानंच लावली. “थंडी हाय. वैनीला म्हणावं, मी ईन बघायला.”

७

पालीपासून उंब्रज म्हणजे कधीकाळी गप्पा मारत जायची वाट. आज गुंडा चारदा बसला. वाटेत त्यानं कोट काढला आणि एका बांधावर टाकून दिला. मनाला तो समजावत होता, की संपलं. झोपलो तेवढं गेलं. आता घरी जायचं, आईच्या हातची भाकरी खायची, पुन्हा मांस चढेल. नाथाजीला कुणी सांगणारं नव्हतं, आपण वेळेत सुटलो. देवाची कृपा म्हणायची. मानसिंगनं एवढ्या सुखानं का सोडलं, हा विचार मधूनच यायचा, पण त्यालाही लाज वाटली असेल, असं तो स्वतःला सांगायचा. एवढं झाल्यावरही दोस्ताच्या बाजूनं बोलायची खोड जात नव्हती.

तिन्हीसांजेला तो घरी पोचला. साळूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. लेकाचा अवतार बघून ती हबकली.

“आरं माज्या लेकरा! हे काय रं झालं तुजं?”

“हिवताप हुता आय. बरा हाय आता. पोरगी कुठं हाय?”

“आत हाय. जा, बघ तरी कसा थाट हाय तिचा!” म्हातारीचा चेहरा उजळला. “गावात कुणाच्या बाळंतिणीला न्हाई आसं झालंय.”

माजघराच्या पलीकडं अंधारी खोली होती. तिला खिडकी नव्हती. दाराला बनुबाईचं जुनं लुगडं आडवं लावलं होतं, आणि त्याच्या कडांतून उजेड येत होता. चिमणीचा नव्हे, कंदिलाचाही नव्हे. पांढरा, स्थिर.

गुंडानं लुगडं बाजूला केलं.

बनुबाई भिंतीला टेकून बसली होती. बाजेवर दुपट्यात पोर निजली होती. तिच्या डोक्यावर, आढ्याला, मोटारीचा लहान बल्ब टांगलेला होता. त्यापासून दोन तारा खाली येत होत्या आणि बाजेखाली, जिथं शेकाची शेगडी ठेवतात तिथं, एक काळी बॅटरी होती.

“आलासा?” बनुबाई हसली. हसली, पण उठली नाही. तिचे डोळे खोल गेले होते. “बघितलासा दिवा? मानसिंगभावजींनी बशिवला. बाळंतिणीच्या खोलीतला दिवा इझू द्यायचा नसतो, आन् रॉकेल तर मिळंना. आय रोज रडायच्या, सटवाई अंधारात येऊन काय लिवील म्हणून. तर भावजी सवताच घिऊन आले.”

“भरायला नेतो का ती?” गुंडाला स्वतःचा आवाज ओळखू येईना. “बॅटरी भरायला कवा नेतो त्यो?”

“भरायची कशाला? आज सकाळीच भावजी भरलेली घिऊन गेले आन् ही रिकामी ठिवली. बशिवल्यापासनं एकदा बी मंद झाला न्हाई. मी बाजेवर असती तवा बी चांगला असतो, पर पोरगी निजली की आसा झकास उजळतो—”

गुंडा बाजेकडं धावला.

“आवं, उचलू नगा तिला!” बनुबाई ओरडली. “उचलली की दिवा जातो. न्हाऊ घालायपुरती काढतो, लगीच ठिवतो. भावजींनी बजावून सांगितलंय. म्हणून तर तिला बाजेवरनं हालवत न्हाई आमी!”

त्यानं दुपट्यासकट पोरीला उचललं. कपाळ मोठं होतं, काळीसावळी होती. हातांना दुपटं लागत होतं, पोर लागत नव्हती. वरचा उजेड पिवळा झाला, मग तांबडा, मग बल्बमधली नुसती एक लाल तार राहिली.

साळूबाई धावत दारात आली. “आरं, दिवा गेला! आपशकुन हुईल रं, ठिव! ठिव तिला खाली!” बनुबाईही भिंत धरून उठत होती आणि दोन्ही हात पुढं करून पोर मागत होती.

लाल तार विझली. गुंडानं काळोखात पोरीच्या छातीला कान लावला. पण त्याला काही ऐकू येईना, कारण दिवा विझला म्हणून त्याची आई मोठमोठ्यानं रडायला लागली होती.